हीटर नसलेल्या टाकीत कॅटफिश: पेपर्ड कोरी घ्यावी की दुसरं काही?

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात घर असेल, टाकीला हीटर लावायचा नसेल आणि तळाशी वावरणारे मासे हवे असतील, तर पेपर्ड कोरी, म्हणजे छोट्या कॅटफिशची एक जात, घ्यावी. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे ब्राँझ किंवा स्टर्बाय कोरी जास्त बरी. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे आधी एप्रिल-मेची सोय लावावी, मासे नंतर आणावेत. निकाल हा असा आहे. कारणं, सामान आणि दुकानात काय बघायचं ते पुढे.

थंडीपेक्षा उन्हाळा कठीण

कॅटफिश मागितला की दुकानदार हीटर पुढे करतो. 'ट्रॉपिकल' म्हणजे गरम पाणी, असा सरसकट समज आहे. आपल्याकडच्या घरात प्रश्न बहुतेक वेळा उलटा असतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे बाहेर ११-१२ अंश असले तरी बंद खोलीतल्या दोन फुटी टाकीचं पाणी साधारण १९ ते २२ अंशांवर राहतं. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे बाहेरच्या हवेतला रात्र-दिवसाचा मोठा फरक टाकीत एक-दोन अंशांवर येतो. मुंबईत तर हिवाळ्यातही पाणी २२-२३ च्या खाली क्वचितच जातं. निफाडसारख्या गावात, किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, किंवा रात्रभर उघड्या राहणाऱ्या खिडकीशेजारी टाकी असेल तर मात्र १६ च्या खाली पाणी उतरू शकतं. तिथे हीटर हवाच.

मे महिन्यात तेच पुण्यातलं पाणी २९ ते ३१ वर जातं आणि विदर्भात कूलर नसलेल्या खोलीत ३३ च्या पुढे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.६. म्हणजे प्राणवायू घटतो आणि नेमका त्याच वेळी माशाचा श्वास वाढतो. शिवाय माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. पाण्याचा पीएच ८ असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग २० अंशांना सुमारे ३.८ टक्के असतो, ३० अंशांना ७.५ टक्के, जवळपास दुप्पट. हिवाळ्यात जी घाण माशाला खपून जाते ती मेमध्ये जीव घेते. त्यामुळे बिनहीटरच्या टाकीसाठी मासा निवडताना त्याला किती थंडी सोसते हे बघावंच, पण किती उकाडा सोसतो हेही बघावं. दुकानात हा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही.

पेपर्ड कोरी

राखी-हिरवट अंगावर काळपट ठिपके, पोट फिकट, दोन्ही बाजूंना चिलखतासारख्या पट्ट्या. मादी सहा-सात सेंटिमीटर, नर थोडा लहान आणि सडपातळ, पाठीवरचा पर जास्त उंच. शास्त्रीय नाव कोरिडोरास पॅलिएटस. २०२४ च्या नव्या वर्गीकरणात त्याला हॉप्लिसोमा पॅलिएटम केलं आहे, पण दुकानात तो पेपर्ड कोरीच राहणार. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत जमवलेल्या माशांमध्ये हा होता आणि १८४२ मध्ये जेनिन्स यांनी त्याचं वर्णन छापलं. १८७८ मध्ये पॅरिसला तो टाकीत अंडी घालून वाढवला गेला. घरच्या टाकीत कोरींची पैदास सुरू झाली ती इथून.

याचं मूळ घर अॅमेझॉनच्या गरम पाण्यात नाही. ला प्लाटा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे उरुग्वे, अर्जेंटिना आणि दक्षिण ब्राझीलकडे तो राहतो. ब्यूनस आयर्समध्ये जुलैचं सरासरी तापमान ११ अंशांच्या आसपास असतं, यावरून तिथल्या हिवाळ्याचा अंदाज यावा. टाकीत त्याला १८ ते २४ अंश सगळ्यात मानवतात. १६ पर्यंत थोडे दिवस तो निभावून नेतो. २८ वर चिडचिडा होतो आणि ३० वर आठवडाभर राहिला तर खाणं सोडतो. पुण्याच्या हिवाळ्यात हा मासा खऱ्या अर्थाने खुलतो. अंग चकाकतं, सगळा थवा दिवसाउजेडी वाळू उकरत फिरतो. २६ अंशांना हीटर लावून ठेवलेल्या टाकीत हाच मासा कोपरा धरून बसतो आणि लोक म्हणतात, कोरी लाजाळू असतात.

सहापेक्षा कमी घेऊ नयेत. दोन-तीन कोरी टाकीत लपूनच राहतात, भूक असूनही उघड्यावर खायला येत नाहीत.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. कोरीला 'क्लीनर फिश' म्हणून विकतात. बाकीच्या माशांची विष्ठा खाऊन ही टाकी साफ ठेवते, हे साफ खोटं आहे. ती वाळू तोंडात घेऊन त्यातले किडे आणि अन्नकण शोधते, वाळू कल्ल्यांतून सोडून देते. तिला तिचं स्वतंत्र अन्न लागतं. वरच्या माशांच्या उरल्यासुरल्यावर ठेवलेली कोरी काही महिन्यांत पोट आत गेलेली दिसते आणि मग पहिल्याच थंडीत जाते. मग दोष थंडीला दिला जातो.

दुकानात बघताना

कोरीच्या मिशा बघाव्यात. तोंडाशी दोन्ही बाजूंना मिशांच्या जोड्या नीट लांब असाव्यात. खुंट राहिले असतील तर दुकानाच्या टाकीचा तळ घाण आहे असं समजावं. पोटावर तांबूस डाग, पर चिकटलेले, पोट खपाटीला गेलेलं, एकाच जागी डोलणारा मासा, यातलं काहीही दिसलं तर त्या टाकीतला दुसरा मासाही घेऊ नये. कोरी मधूनच सरळ वर जाऊन हवेचा घोट घेते आणि खाली येते. आतड्याच्या मागच्या भागातून ती हा प्राणवायू शोषते, तिचं हे नेहमीचंच आहे. मिनिटा-मिनिटाला सगळ्याच वर धावत असतील तर पाणी बिघडलं आहे.

खरेदीचा महिना महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातल्या दुकानांत येणारे बरेच शोभिवंत मासे चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या भागातल्या किंवा कोलकात्याकडच्या पैदास केंद्रांतून येतात. चेन्नईच्या पाण्यात वाढलेली कोरी बहुतेक वर्ष २७-३० अंशांत राहिलेली असते. जात थंडी सोसणारी असली तरी तो विशिष्ट मासा सोसणारा नसतो. त्याला जानेवारीत एकदम २० अंशांच्या पाण्यात टाकलं तर पांढरे ठिपके (परजीवीचा रोग) येणार. म्हणून ऑक्टोबरमध्ये किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणावेत, म्हणजे पाणी जसं हळूहळू उतरेल तसे तेही उतरतात. दुसरी चांगली वेळ फेब्रुवारीचा शेवट. एप्रिल-मेमध्ये आणू नयेत.

आणताना थर्मोकोलचा डबा न्यावा. दुकानाच्या टाकीचं तापमान तिथेच मोजावं. घरच्या पाण्यात आणि त्यात दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर मासे आधी वेगळ्या टबात, दुकानाच्या तापमानाच्या पाण्यात ठेवून रोज एक अंशाने उतरवावेत. पिशवी दुहेरी हवी, कारण पाठीवरचा आणि छातीजवळचा काटा उभा राहून प्लास्टिक फोडतो. एका पिशवीत खूप कोरी कोंबल्या की घाबरून त्या विषारी स्राव सोडतात. पाण्याला फेस येतो आणि सगळ्या एकदम मरतात. म्हणून एका पिशवीत चार-पाच, आणि बांधल्यानंतर अर्ध्या तासाने पाणी एकदा बदलून दे, असं दुकानदाराला सांगावं. काटे जाळ्यात अडकतात, म्हणून पकडायला जाळ्याऐवजी प्लास्टिकचा ग्लास वापरावा.

दुकानातले बाकीचे कॅटफिश

ब्राँझ कोरी आणि तिचा पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनो प्रकार सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो. त्रिनिदादपासून ला प्लाटापर्यंत हिचा पसारा आहे, त्यामुळे २१ ते २७ अंश ही सहज पेलते. १८ ला गेली तर मरत नाही, पण सुस्त होते. मुंबई-ठाण्यासाठी ही बिनघोर निवड. पुण्यातही बंद खोलीत, मोठ्या टाकीत चालते. पेपर्ड न मिळाल्यास हीच घ्यावी.

स्टर्बाय कोरी दिसायला सगळ्यांत देखणी. काळ्या डोक्यावर पांढरे ठिपके, छातीचे पर नारिंगी. तिला २४ ते २८ हवेत, ३० सुद्धा ती खपवून घेते. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे हीटरशिवाय बारा महिने उत्तम. देशावर डिसेंबर-जानेवारीत ती कोपऱ्यात आखडून बसते. महाग मासा आहे, देशावर हीटरशिवाय घेऊ नये.

पांडा कोरीची गंमत वेगळी आहे. पेरूतल्या अँडीजच्या पायथ्याच्या ओढ्यांतून आलेली, थंड पाणी तिला आवडतं, म्हणून कागदावर पुण्यासाठी ती योग्य वाटते. पण २७ च्या वर तिची तब्येत ढासळते आणि पाण्यातल्या घाणीला ती पेपर्डपेक्षा खूप नाजूक आहे. एसी असलेल्या खोलीत, जुनी मुरलेली (उपयोगी जीवाणू बसलेली) टाकी असेल तरच.

ब्रिसलनोज प्लेको, म्हणजे नाकावर झुडपासारख्या मिशा असलेला छोटा सकर, १२-१३ सेंटिमीटरवर थांबतो. २० ते २७ अंशांत मजेत राहतो. काचेवरचं शेवाळ खरंच खातो, पण तेवढ्यावर जगत नाही. दुधी भोपळ्याची किंवा काकडीची उकडलेली चकती आणि टाकीत लाकडाचा ओंडका लागतो. साठ लिटरला एकच.

साधा सकर, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस, दुकानात दोन इंचांचा गोंडस दिसतो आणि घरी फूट-दीड फुटाचा होतो. थंडी, उकाडा, घाण, सगळं सोसतो, आणि तोच धोका आहे. कंटाळून लोक तो नदीत किंवा तळ्यात सोडतात. उजनीच्या जलाशयात आणि कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ भागात मच्छीमारांच्या जाळ्यांत तो सापडू लागला आहे. काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. हा मासा विकत घेऊच नये.

'शार्क' म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा पंगॅसियस आहे, मीटरभर वाढणारा, खाण्यासाठी शेततळ्यात पाळतात तो. लाल शेपटीचा रेडटेल कॅटफिश त्याहून मोठा होतो. घरच्या टाकीत दोन्हींची दशा वाईट होते. ग्लास कॅटफिश थायलंडचा, थव्यात राहणारा, अंग आरपार दिसणारा. त्याला २४ ते २७ हवेत आणि तापमानातला चढउतार अजिबात चालत नाही, म्हणून हीटरशिवाय नको. काँगोचा उलटा पोहणारा सिनोडॉन्टिस आणि पिक्टस हे दोघे गरम पाण्यातले. शेवाळ खाणारा छोटा ऑटोसिंक्लस थंडीला बरा, पण नदीतून पकडून आणलेला असतो आणि दुकानात पोचेपर्यंत उपाशी असतो. शेवाळ साचलेली जुनी टाकी नसेल तर तो टिकत नाही.

आपल्या नद्यांतला शिंगटा अर्थातच हीटरशिवाय राहतो. त्याच्या जातींपैकी लहान, पट्टेवाल्या काही दुकानांत येतात. रात्री तो लहान मासे गिळतो हे ध्यानात ठेवून तीन फुटी टाकीत मोठ्या बार्बबरोबर ठेवावा. त्याचा काटा लागला तर चांगलाच ठणकतो.

टाकी आणि सामान

सहा पेपर्डसाठी २४ × १२ × १५ इंचांची टाकी किमान. काठोकाठ भरली तर ७० लिटर, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून सुमारे ६० लिटर पाणी. त्यापेक्षा ३६ × १५ × १५ इंचांची घेतली तर १३० लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि तापमान कितीतरी स्थिर राहतं. हीटर नसलेल्या टाकीला मोठा आकार हाच आधार आहे. एक फुटी टाकीत किंवा काचेच्या गोल भांड्यात हे मासे ठेवायचं मनातही आणू नये. टाकी आतल्या भिंतीला लावावी, पश्चिमेच्या भिंतीला नको, एसीच्या झोतासमोर नको. खाली अर्ध्या-पाऊण इंचाचं थर्मोकोल हवंच. हिवाळ्यात मागच्या आणि बाजूच्या काचांनाही थर्मोकोल चिकटवलं की रात्रीची घसरण कमी होते.

वाळू हा या टाकीतला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. दुकानातले रंगीत खडे नकोत. अन्न फटींत कुजतं, त्यात जीवाणू वाढतात आणि कोरीच्या मिशा झडतात. बांधकामाच्या जागेवरची वाळूही आता बहुतेक क्रश सँड असते, दगड फोडून केलेली, कडा धारदार. बोटांत चोळली की टोचते, ती नको. खरी नदीची वाळू मिळाली तर एक-दीड मिलिमीटरच्या चाळणीने चाळून, बादलीत ढवळून, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली असते आणि पाणी जड (क्षारांचं) करते. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर ती परत ठेवून द्यावी. थर तीन सेंटिमीटर पुरे. दोन फुटी टाकीला त्यासाठी साधारण ९ किलो लागते. दर आठवड्याला बोटाने किंवा चमच्याच्या मागच्या टोकाने हलवावी, नाहीतर खाली काळा कुजका थर बसतो.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो, फक्त एकाऐवजी दोन लावावेत. त्यामुळे धुताना एक शाबूत राहतो. धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही, कारण क्लोरीनने त्यातले जीवाणू मरतात. हे जीवाणूच अमोनियाचं नायट्रेट करतात आणि थंडीत ते सावकाश काम करतात. नवीन टाकी ऑक्टोबरच्या उकाड्यात चार ते सहा आठवड्यांत मुरते, डिसेंबरात सुरू केली तर जास्त वेळ घेते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दाखवेपर्यंत मासे टाकू नयेत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. भारनियमन असलेल्या भागात बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा एअर पंप घ्यावा. हीटर न घेतल्याने वाचलेले पैसे इथे घालवावेत.

थर्मामीटर दोन हवेत. काचेवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी खोलीच्या हवेने फसते, दोन-तीन अंश चुकते. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर तळाजवळ सोडावा, आणि साधा पाऱ्याविना काचेचा ताडून बघायला. पहाटे आणि दुपारी चारला, असं दोन वेळा वाचावं. झाकण म्हणून उन्हाळ्यात डासांची नायलॉन जाळी चौकटीवर ताणून लावावी, कोरी हवा घेताना कधी कधी उडी मारतात.

झाडांत जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया हीटरशिवाय बारमाही टिकतात. सोबतीला झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब किंवा व्हाइट क्लाउड. गोल्डफिश नको. लहान कोरी तोंडात घेतली की काटा घशात अडकतो आणि दोघेही जातात.

पाणी बदलताना

सगळ्यात जास्त मासे इथेच मरतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारं पाणी जानेवारीच्या सकाळी १५-१६ अंश असतं आणि मेच्या दुपारी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. टाकीतलं पाणी २१ वर असताना त्यात १५ अंशांची बादली ओतली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके उठतात. हिवाळ्यात पाणी दुपारी भरावं, उन्हाळ्यात पहाटे, आणि बादली झाकून टाकीशेजारीच एक रात्र ठेवावी. फरक दोन अंशांच्या आत आला की ओतावं. आठवड्याला २० ते २५ टक्के, म्हणजे ६० लिटरच्या टाकीत १२ ते १५ लिटर.

महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन काढायला दुकानातलं अँटिक्लोरीन चालतं. हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) स्फटिक वापरत असाल तर शंभर लिटरला साधारण एक ग्रॅम नेहमीच्या क्लोरीनला पुरतो. पुण्यात खडकवासल्याचं पाणी तसं मऊ असतं आणि बोअरचं, बेसॉल्टमधून आलेलं, जड असतं. टँकरचं कुठलं असेल त्याचा भरवसा नाही. पेपर्डला पीएच ६.५ ते ७.८ चालतो, पण एका आठवड्यात धरणाचं आणि पुढच्या आठवड्यात बोअरचं पाणी असा धक्का चालत नाही. सोसायटीत टँकर आला असेल त्या दिवशी पाणी बदलणं पुढे ढकलावं.

हिवाळा आणि उन्हाळा

१८ च्या खाली पाणी गेलं की खाणं निम्म्यावर आणावं, १६ ला एक दिवसाआड. पचन मंदावलेलं असतं, उरलेलं अन्न कुजतं आणि जीवाणूही मंद असतात. एरवी सहा मोठ्या कोरींना रात्री दिवा बंद केल्यावर तळाशी बसणारी एक वेफर किंवा चिमूटभर एक मिलिमीटरच्या बुडणाऱ्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). गटारातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स कितीही ताजे म्हणून देऊ केले तरी घेऊ नयेत, रोग घेऊन येतात. १७ च्या खाली पाणी सलग राहत असेल तर ६० लिटरला ५० वॅटचा हीटर २० अंशांवर लावून ठेवावा. तो फक्त पहाटे चालू होईल. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट चिकटून पाणी शिजतं, म्हणून हीटर घ्यायचाच तर चांगला आणि कमी वॅटचा.

उन्हाळ्यात उपाय बाष्पीभवनाचा. १०० मिलिलिटर पाणी उडून गेलं की ६० लिटर पाण्यातून जवळजवळ एक अंश उष्णता निघते. म्हणून जाळीच्या झाकणावर तिरका लावलेला छोटा टेबल फॅन किंवा संगणकातला १२ व्होल्टचा पंखा पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये दोन ते चार अंश उतरवतो. मुंबईच्या दमट मेमध्ये जेमतेम एक अंश. म्हणूनच मुंबईसाठी पेपर्डऐवजी स्टर्बाय सांगितली. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं, तेही आरओचं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात, आणि रोज नळाचं पाणी भरत गेलं तर टाकी जड होत जाते. बर्फाचे तुकडे थेट टाकू नयेत. अगदीच वेळ आली तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवावं, आणि तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नये. विदर्भात टाकी कूलरच्या खोलीत हलवण्याला पर्याय नाही. तिन्ही ठिकाणी एअर पंप पूर्ण जोरात आणि रात्रीही चालू, कारण अंधारात झाडंही प्राणवायूच घेतात.

पांढरे ठिपके आलेच, तर पाणी ३० अंशांवर नेण्याचा दुकानातला सल्ला पेपर्डसाठी घातक आहे. मूठभर मीठही नको. मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिनचं औषध बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्या मात्रेत, भरपूर हवा देत, आणि नेहमीपेक्षा जास्त दिवस द्यावं. २५ अंशांना त्या परजीवीचं चक्र तीन-चार दिवसांत फिरतं, २० ला आठवडाभर लागतो. औषध पोहणाऱ्या अवस्थेवरच चालतं, त्यामुळे थंड पाण्यात चार दिवसांत बंद केलं तर ठिपके परत येतात.

अंडी

बिनहीटरच्या टाकीचा खरा लाभ जूनमध्ये मिळतो. पहिल्या पावसाने हवा निवते, पाणी तीन-चार अंश उतरतं, आणि पेपर्डना तोच इशारा असतो. त्या आठवड्यात ब्लडवर्म वाढवून, टाकीपेक्षा तीन अंश थंड पाण्याने तीस टक्के पाणी बदललं तर बहुतेक वेळा दुसऱ्या सकाळी काचेवर अंडी दिसतात. एरवीचा दोन अंशांचा नियम फक्त इथे मोडायचा, तोही निरोगी, मुरलेल्या थव्यासाठीच. मादी पोटाखालच्या परांच्या झोळीत दोन-चार अंडी धरून काचेवर चिकटवत जाते. थवा नंतर तीच अंडी खातो, म्हणून बोटाने हलकेच लोळवून पाच लिटरच्या भांड्यात काढावीत. भांड्यात टाकीचंच पाणी, मंद एअर स्टोन आणि देशी बदामाचं एक वाळलेलं लाल पान टाकावं, बुरशीला आळा बसतो. पांढरी पडलेली अंडी रोज काढून टाकावीत. २३-२४ अंशांना चार-पाच दिवसांत पिल्लं निघतात, २० ला आठवडा लागू शकतो. पहिले दोन दिवस ती पोटाच्या पिशवीवर जगतात, मग मायक्रोवर्म (अगदी बारीक किडे) आणि नुकत्याच फुटलेल्या आर्टेमिया (कोळंबीसारखे इवले जीव), दिवसातून तीनदा, थोडं थोडं. भांड्याचा तळ रोज बारीक नळीने साफ करून तितकंच टाकीचं पाणी घालावं. या वयात मरतात ती बहुतेक उपासाने नव्हे, तळाशी साचलेल्या अन्नाने.